मॉनिटरमधले हात

फोडणीत मिरची जळाली की मला नंदुरबारची पथारी आठवते, जिथे मैदानभर लाल मिरच्या वाळत घालतात. एका माहितीपटासाठी मी तिथे कॅमेरा लावला होता. आमच्या कॅमेऱ्याचं मूळ चित्र राखेसारखं फिकं असतं; त्यावर लट, म्हणजे रंगांचा तयार तक्ता, चढवला की मिरच्या पेटल्यासारख्या दिसायच्या आणि माणसांची कातडी तुकतुकीत. देठ खुडणारी एक बाई उठून आली आणि सुजलेली, लालबुंद बोटं कॅमेऱ्यापुढे धरून म्हणाली, "दादा, मन्हा हात बी दखाडा. जळी ऱ्हायनात. हातमोजा कोनी देत नही." मी हात टिपले. ती मॉनिटरमध्ये डोकावली. "ह्या मन्हा हात नहीत." मी म्हणालो, "हे फक्त इथे दिसतं, आत खरा रंग आहे," कारण लट मॉनिटरपुरताच ठेवतात. संकलनाला बसल्यावर कळलं, मी तो रेकॉर्डिंगवरच चढवला होता आणि मूळ चित्र कुठेच नव्हतं. पडद्यावर दोन धडधाकट हात होते. दिग्दर्शक म्हणाला, हे हात काढून टाक. मी काढून टाकले. लट अजून माझ्याकडे आहे. परवाच एका नवरीच्या मेंदीच्या हातांवर चढवला. छान दिसले.