सबस्टेशनातलं 'रेकलेस'

आमच्या सबस्टेशनच्या रजिस्टरात दर तासाचं व्होल्टेज लिहायचं असतं. त्या तासात काय काय घडलं, त्याला रकानाच नाही! मग ते सगळं माझ्या डोक्यात साचतं. मी इथली ऑपरेटर. सबस्टेशन शिरूर अनंतपाळपासून जवळच.

*

नव्या इंजिनिअर मॅडम विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे जुने वायरमन माणिकमामा पाहिले. मामा पोलवर, आणि लाईन बंद आहे का हे न तपासताच तारेकडं हात!

"मामा, किती रेकलेस आहात तुम्ही!" मॅडम खालून ओरडल्या.

मामा उतरले ते खुशीत. "मॅडम, वायरलेस म्हंजे बिनतारी. तसं रेकलेस म्हंजे बिनधास्तच की!"

दोन दिवस गावभर सांगत फिरले.

*

मॅडमच्या कानावर गेलं. त्या हसल्या नाहीत.

"मामा, ध्यानात राहिलं नाही, तर ते केअरलेस. जीव जाईल हे ठाऊक असून हात घालायचा, ते रेकलेस."

मामांचा चहा कपातच राहिला. "म्हंजे शिवीच दिली की मला!"

"शिवी नाही, मामा. भीती वाटली मला."

*

वायरमन पोलवर चढताना माझ्याकडून परमिट घेतो. तो कागद सही होऊन परत येईपर्यंत लाईन चालू करायची नाही.

एकदा आमच्या दुसऱ्या वायरमननं, सलीमभाईनं सही केली. "काम झालं ताई, सोडा लाईन." माझा हात स्विचवर. तेवढ्यात त्यानं आपली पिशवी चाचपली.

"ताई, थांबा! अर्थिंगची साखळी तारंवरच ऱ्हायली! लाईन सोडली तर भडकाच उडंल!"

मी झटकन हात मागं घेतला. तो हळूच म्हणाला, "हे केअरलेस का रेकलेस?"

"सलीमभाई, पयलं साखळी काढून या!"

*

एका गिरणीवाल्याचा फोन. "तुमचा मानूस कवा येनार? मीच डीपीवर चढायलोय, फ्यूज टाकतो!"

"चढू नका!" मी ओरडले. फोन चालूच, आणि डीपीचं दार खडखडल्याचा आवाज.

मी सगळा फीडरच पाडला. सात गावांची लाईट गेली. तासभर शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी गिरणीवाला स्वतः हजर! मी खुर्ची मागं सरकवली.

"ताई, भांडायलाच निघालतो. आई म्हनली, आधी पाया पडून ये, मग भांड."

*

आणि तो दिवस. माणिकमामा लांबच्या पोलवर, त्यांचं परमिट अजून परत आलेलं नाही, त्यांच्या मोबाईलला रेंज नाही. वरच्या साहेबांचा फोन आला.

"कार्यक्रम खोळंबलाय, पुढारी स्टेजवर बसलेत. लाईन चालू करा!"

"साहेब, माणूस पोलवर हाय."

"उतरला असेल एव्हाना. माझी जबाबदारी. नाहीतर सस्पेंड व्हाल!"

बाजूला उभं राहून ऐकणाऱ्या मॅडमनी माझ्याकडून फोन घेतला. आवाज अगदी शांत.

"सर, करते चालू. त्याआधी माणिकमामांच्या घरचा नंबर लावून देते. त्यांच्या बायकोला तेवढं तुम्ही सांगा."

पलीकडून फोन कट.

पाऊण तासानं मामा आले. परमिटवर सही केली, घाम पुसला.

"काय मॅडम, कुनाचा फोनबिन?"

"न्हाई मामा," मॅडम म्हणाल्या. "चहा घ्या."