संशयी मामांची शेळी

जगात विष नसलेली एकही वस्तू नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे मामा. सख्खे नव्हेत, आईचे चुलतभाऊ. पण पेडगावात आमच्या दोन घरांमध्ये एकच कुडाची भिंत होती, म्हणून सख्ख्यापेक्षा जवळचे. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत विहिरीत जहर कालवल्याची आवई रोज कुठून तरी यायची. धामधूम संपली, निजामाचं राज्य गेलं, लोक पुन्हा ओंजळीने पाणी प्यायला लागले. मामांच्या मनातली विहीर मात्र तशीच राहिली. ते पाण्याचा आधी वास घेत, मग तांब्यात बोट बुडवून ते उन्हात धरत. भाकरीचा पापुद्रा उचलून आत डोकावत. एकदा आमटीत तिळासारखं काहीतरी दिसलं, तर धोतऱ्याचं बी म्हणून त्यांनी ते चिमटीत धरून गावभर दाखवलं. शेवटी मामीने ते त्यांच्या चिमटीतून घेतलं आणि खाऊन टाकलं. "तीळच हाय," ती म्हणाली. मामा संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

त्यांचा संशय अगदीच बिनबुडाचा होता, असं मला म्हणवत नाही. त्यांचा जन्म मेंढ्यांमागे गेला होता. पाऊस ताणला की कोवळ्या ज्वारीत विष चढतं आणि ती खाऊन उभं जनावर आडवं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. कण्हेरीचं पान, एरंडाचं बी, फुरसं, विंचू, सगळ्यांशी त्यांची ओळख होती. फक्त ज्वारीने दगा दिला म्हणून त्यांनी मीठ-मिरचीपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवली, एवढंच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी परभणीहून आलो की मामांना वाटायचं, सरकारने मला जहराची चौकशी करायला नेमलं आहे. एका सुट्टीत मी त्यांना वर्गात शिकलेलं सांगायचा प्रयत्न केला. विष हे वस्तूत असतं तितकंच मात्रेत असतं; मीठसुद्धा फार झालं तर बाधतं; आणि मात्रा मोजायची ती खाणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबाने, कारण उंदराला जेवढं पुरतं तेवढं बैलाला पुरत नाही. मला वाटलं, यानं त्यांचा जीव हलका होईल.

"मीठ बी?" मामा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं. मामी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

"पर मोजत्यात कसं, भाचेबुवा?"

मी चाचरत सांगितलं, की प्रयोगशाळेत पुष्कळ उंदीर घेतात, काहींना थोडं देतात, काहींना जास्त. ज्या मात्रेला निम्मे मरतात, ती मात्रा लिहून ठेवतात.

"निम्मे मरत्यात, निम्मे ऱ्हातेत?"

"हो."

"आन मी कंच्या निम्म्यात हाय, ते कोन सांगनार?"

वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मामांनी मात्र त्या धड्यातून आपल्यापुरता अर्थ काढलाच. हलक्या जिवाला आधी चारावं. तो टिकला तर जड जिवाला धोका नाही. कळपातली एक पांढरी दुभती शेळी त्यांनी या कामी लावली. ताटातला पहिला घास तिला, मग ती नीट रवंथ करते का ते पाहून दुसरा आपल्याला. "मामा, शेळी रुईचा जहरी पालाबी खाती, तुमाला चालंल का?" मी विचारलं. ते जरा घुटमळले. "मी रुई खातो कुटं?" म्हणाले.

त्यांची लेक, आमची आक्का, पोखर्णीला दिली होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत मामांनी इतक्या कडकपणे पाळली, की पोखर्णीचे लोक त्यांची वाखाणणी करत. ते तिकडे जाताना पाणीसुद्धा घरून नेत. खरं कारण आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. पण आक्काला मुलगा झाला, बाळंतीण सासरी परतली, आणि रीत संपली. पोखर्णीहून जेवणाचं आवतन आलं. आक्काच्या सासूने सोबत आपल्या व्याह्यांना निरोप धाडला होता: आता तरी ईवायांनी आमच्या घरी जेवावं, नाहीतर आमचं घर त्यांना पटत नाही असं आमी समजू. आक्का मामांना आबा म्हणते; तिचा निरोप माझ्याकडे वेगळा आला: "आबांना ताटावरून उठू देऊ नको रे. मला हितंच ऱ्हायाचंय."

मामा मला सोबत घेऊन निघाले, ते शेळी गाडीत घालूनच. मी पुष्कळ विनवलं. "कोपऱ्यात बांधतो. एक घास गुपचूप टाकतो. कुनाला कळतंय?" ते म्हणाले.

गाडी दारात थांबली. आक्काची सासू भाकरतुकडा ओवाळायला आली, तिला शेळी दिसली आणि ती ओरडलीच, "अगं बया! ईवायानं नातवासाटी दुभती शेळी आनली! लय मोठं मन हो तुमचं!" मामांनी तोंड उघडलं, पण तोवर शेळीच्या कपाळी हळदीकुंकू लागलंही होतं, आणि तिला परसात नेलंही होतं. दारात आक्का बाळ घेऊन उभी होती. "आबांनी आपली शेळी दिली?" ती मला म्हणाली, आणि परसाकडे बोट करून बाळाला शेळी दाखवू लागली. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

पानं मांडली. पुरणपोळी, गुळवणी, आमटी. सासूबाई समोरच बसल्या. मामा माझ्या कानाशी वाकले, "माजं वजन किती आसंल रं?"

"भरपूर हाय, मामा. जेवा."

त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. काढा घ्यावा तसा. मग दुसरा. मग त्यांनी मिठाकडे हात केला. आक्का आतून वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मी पाहिला.

परतताना मामा पोटावर हात ठेवून गाडी हाकत होते. "किती येळानं कळतं?" त्यांनी विचारलं.

"आता काय कळायचं असतं तर कळलं असतं, मामा."

त्यांनी मागे वळून पोखर्णीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लगीन झाल्यापून पोरगी तितं एकलीच खायलीय की रं, आदी चाखायला कुनी नाय."

हल्ली मामा वरचेवर पोखर्णीला जातात. पाणी नेत नाहीत, शेळी नेत नाहीत. गेल्या गेल्या "आदी मला वाढा" म्हणतात, आणि त्यांचं जेवण उरकून घटकाभर झाल्याशिवाय आक्काला पानावर बसू देत नाहीत. तिकडचे लोक त्यांना अधाशी ईवाई म्हणतात. आक्कालाही वाटतं, म्हातारपणी आबांची जीभ सुटली. तिला खरं सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.