थर्ड मॅनला उभा असलेला बारावा

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. इथले अनुभव मी वाचते ते शेवटी मांजर निघालं की वायरिंगचा फॉल्ट, एवढंच बघायला. माझ्या स्वतःच्या अनुभवातलं मांजर मात्र मला आजपर्यंत सापडलेलं नाही... म्हणून लिहितेय. कुणाला सापडलं तर जरूर कळवा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सीझन. आम्ही तेव्हा मस्कतला अल् खुवैरमध्ये राहत होतो. मी आणि माझा नवरा मिलिंद एकाच कंपनीत. तो इस्टिमेशनला, मी ॲडमिनला. व्हिसा, रजा, राजीनामे — सगळ्यांची पत्रं माझ्या हातून जायची. कंपनीची एक क्रिकेट टीम होती, आणि मिलिंद तिचा ओपनर. म्हणजे इनिंग सुरू करायचा आणि लगेच सावलीत येऊन बसायचा. टीमची खरी फॅन मी होते. शुक्रवारी सुट्टी असूनही पहाटे उठून पोह्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि स्कोअरबुक घेऊन मी निघायचे. स्कोअरिंग माझ्याकडेच होतं, कारण पुरुषांनी केलं की बेरीज जुळायची नाही!

मैदान अल खौदच्या पलीकडे, वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या काठाला. गवताचं एक पातं नाही. सगळी खडी आणि माती, मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर हिरवी मॅट ठोकलेली. चुना फासलेले दगड म्हणजे बाउंड्री. एका बाजूला बाउंड्रीबाहेर एकच काटेरी, आपल्या बाभळीसारखं समरचं झाड होतं. आमचे लोक डाइव्ह मारायचे नाहीत, आणि ते बरोबरच होतं. कोपर सोलवटून शनिवारी ऑफिसात कोण बसणार?

टीममधली दोनच माणसं लक्षात ठेवा. एक इनास, वसईचा, एसी टेक्निशियन. कॅप्टन आणि कीपर. दुसरा सत्यवान. कुडाळजवळच्या एका खेड्यातला, कागदोपत्री स्टोअरकीपर, पण त्याला आणला होता तो बॉलिंगसाठी. मुंबईत एजंटांच्या दारात चार वर्षं काढून तो इथे पोचला होता. गावी घराच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. त्याचा व्हिसा एप्रिलमध्ये संपत होता, आणि आमच्या जनरल मॅनेजरनं सीझनच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, "टीम खालच्या डिव्हिजनला गेली तर खलास. पुढच्या वर्षी टीम नाही." टीम नाही म्हणजे सत्यवानही नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही.

दिवाळीनंतर पहिली मॅच होती. टॉसच्या आधी सत्यवाननं पिशवीतून नारळ काढला, त्या समरच्या झाडाखाली ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. कोकणात कुठल्याही कामाआधी गावाच्या राखणदाराला असं साकडं घालतात. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा! आमच्या गावच्या शिवेवरच्या राखणदारा, जंय आसशीत थंयसून धावान ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. इनास ओरडला, केरळचा बिजू ओरडला, पंजाबचे दोघे तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मी हसून हसून बेजार.

पहिल्या पाचही मॅच आम्ही जिंकलो. सत्यवान तर सुटलाच होता. ऑफिसात माझा रुबाब बघायला हवा होता... टेबलाशी येईल त्याला मी पॉइंट्स टेबल वाचून दाखवायचे.

मग जानेवारी उजाडला आणि टीमला काय झालं देव जाणे. पहिली हरलो तेव्हा म्हटलं ठीक आहे, होतं एखाद्या दिवशी. दुसरी हरलो तेव्हा मिलिंदशी घरी भांडण. तिसऱ्या मॅचला तीस रन हवे होते, सात विकेट हातात होत्या, आणि आमचे तीन महाभाग लागोपाठ रनआउट! मी स्कोअरबुकवर पेन आपटलं तर निब तुटली. इनासला मी तोंडावर सांगितलं, "तुझी फिल्डिंग लावणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार आहे." तो बिचारा म्हणाला, "वहिनी, माणसं आहेत तिथे, पण कॅच सोडतात त्याला मी काय करू?"

आणि ते खरं होतं. कॅच सुटत होते, आणि सगळे एकाच बाजूला. थर्ड मॅनला, म्हणजे कीपरच्या मागच्या कोपऱ्यात, त्या झाडाच्या बाजूला. सत्यवानचा बॉल बॅटची कड घेऊन उंच जायचा, आमचा माणूस खाली जायचा... आणि ऐनवेळी थांबायचा. बॉल त्याच्या पुढ्यात टप्प. असं तीन मॅचमध्ये तीन वेगवेगळ्या माणसांनी केलं. चौथ्या वेळी बिजू होता. ओव्हर संपल्यावर मी त्याला टेंटपाशी बोलावून चांगला झापला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "भाभी, पीछे से किसीने 'माझो, माझो' बोला. मैं छोड़ दिया."

'माझो' म्हणजे 'माझा'. आपण मराठीत कॅचला 'माझा' ओरडतो तसं, पण मालवणीत. टीममध्ये मालवणी बोलणारा माणूस एकच, आणि तो त्या वेळी पिचच्या मधोमध उभा, बॉल टाकून. बाकीच्या तिघांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं. मला वाटलं, हे सगळे मिळून माझी फिरकी घेताहेत. चार-चार मॅच हरलेल्या टीमला थट्टा कशी सुचते, म्हणून मी आणखी भडकले.

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट. ओव्हर सुरू व्हायच्या आधी फिल्डर मोजायची माझी सवय. मोजले, बारा भरले. परत मोजले, अकरा. ऊन डोळ्यांवर होतं, म्हटलं चुकले असेन. तेवढ्यात शेजारी बसलेले समोरच्या टीमचे स्कोअरर, कराचीचे एक वयस्कर गृहस्थ, हळूच म्हणाले, "भाभीजी, आप के बारह हैं." त्यांनी अंपायरला हाक मारली, अंपायरनं बोट दाखवत मोजले. अकरा. गृहस्थ ओशाळले, पण अंपायर मोजत असताना मी त्या झाडाकडे बघत होते. बाउंड्रीच्या आत, दगडांपासून दोन पावलांवर, एक माणूस उभा होता. पांढऱ्या कपड्यांत नव्हता. खांद्यावर काहीतरी जाडसर, हातात काठी. आणि त्याचं मॅचकडे लक्षच नव्हतं. आमच्याकडे पाठ करून तो समुद्राच्या दिशेनं बघत होता. मी पाण्याची बाटली उचलायला वाकले, वर बघितलं तर तिथे कुणी नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते हो, रणरणतं ऊन... भुताखेतांची ही काय वेळ झाली?

मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "बकऱ्या चारणारा असेल कुणीतरी." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

आम्ही ती मॅच हरलो, पुढची सहावीही हरलो. आता शेवटची एकच उरली. जिंकलो तर टीम वरच्या डिव्हिजनला राहणार, हरलो तर सगळंच आटपलं. त्या आठवड्यात सत्यवान माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं व्हिसाचं विचारायला आलाय.

"वयनी, गावाक फोन केललंय," तो म्हणाला. "आवस म्हणता, दिवाळीपासून देवाक कौल लावतत, पण पाकळी पडाक नाय."

आवस म्हणजे आई. कौल म्हणजे देवाला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. कुठली पडते त्यावरून उत्तर. चार महिने उत्तरच येत नव्हतं. गावातली मानकरी मंडळी म्हणत होती की राखणदार जाग्यावर नाही.

"बरं मग?" मी म्हटलं.

"वयनी, गावात गाऱ्हाणा घालतत तेवा 'परत जा' असा कोण सांगणा नाय. तो थंयच आसता, खय जातलो? मी हय तसाच्या तसा म्हटलंय. गावाचा नाव घेवन. तो इलो... आणि आता तेका परत जावची वाट गावना नाय."

डोक्यात ते 'माझो, माझो' घुमायला लागलं. बोलावलं म्हणून आलेला, खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी आपल्या पोराच्या बॉलवरचा कॅच घ्यायला धावणारा कुणीतरी. मी त्याला झाडापाशी दिसलेल्या माणसाचं सांगितलं. सत्यवान म्हणाला, "माका दर शुक्रवारी दिसता, वयनी. रनअप घेताना समोरच आसता. घराकडे तोंड करून."

"मग पाठव की परत! घाल दुसरं गाऱ्हाणं."

"जेणा बोलावल्यान तेणाच पोचवक व्हया," तो म्हणाला. त्याची आई तसं म्हणाली होती.

शेवटच्या शुक्रवारी त्यानं परत नारळ ठेवला. या वेळी तो मोठ्यानं बोललाच नाही. सगळे मागे उभे होते, मी तेवढी जवळ, आणि माझं माहेर मालवणकडचं असल्यामुळे शब्द न् शब्द कळलेली मी एकटी.

"म्हाराजा, चूक झाली. आज तुझ्याकडे कायएक मागणा नाय. ह्यो खेळ संपलो की मी सोता तुका तुझ्या शिवेर नेवन सोडतलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टीम नेहमीसारखी ओरडली.

आम्ही जिंकलो. अगदी थोडक्यात, नखं कुरतडून कुरतडून. सत्यवाननं पाच विकेट काढल्या. शेवटचा कॅच उंच उडाला तो थर्ड मॅनलाच, खाली परत बिजू. मी डोळे मिटून घेतले. कुणी ओरडलं नाही. बिजूनं तो छातीशी धरला आणि खडीवर आडवा झाला. मिलिंद, इनास, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून नाचले. सत्यवान तेवढा झाडाखालचा नारळ उचलून रुमालात बांधत होता.

शनिवारी जनरल मॅनेजरनं व्हिसा रिन्यूअलचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी नाचतच केलं. सत्यवान सही करेना. "माका रजा व्हयी, वयनी. ह्याच हप्त्यात." आता मार्चअखेरचं स्टॉकटेकिंग तोंडावर. स्टोअरकीपरला रजा कोण देणार? जनरल मॅनेजर म्हणाले, कारण सांग. कारण काय सांगणार होता तो? देवाला पोचवायला जातो म्हणून?

मी म्हटलं, "आई आजारी आहे असं लिहिते. सगळे तेच लिहितात. पंधरा दिवसांत परत ये."

"आवशीच्या नावान खोटा नको," तो म्हणाला.

मी त्याला काय काय नाही बोलले! वेडा आहेस म्हटलं, हातातोंडाशी आलेला घास टाकतोयस म्हटलं. जूनमध्ये जा, तोवर तो थांबेल असंही म्हटलं. म्हणजे बघा, माझा विश्वास नाही म्हणणारी मी काय बोलत होते! त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "जाऊंदे वयनी. एकट्यान हय ऱ्हवणा माका जमता. तेका नाय जमणा." राजीनामाही मग मीच टाइप केला. जनरल मॅनेजरनं तो वाचला, मान हलवली आणि सही केली. यल्ला, पुढची फाइल.

पुढच्या सीझनला आम्ही तळातच राहिलो, पण टिकलो. दर ओव्हरला मी मोजायचे आणि दर वेळी अकराच भरायचे. बकऱ्या चारणारा म्हणाल तर चौकशी केली, त्या भागात कुणी बकऱ्या आणत नव्हतं. उन्हामुळे भास झाला म्हणाल, तर तो कराचीच्या गृहस्थांना कसा झाला? बिजूला मालवणी कुणी शिकवलं? माझ्याकडे उत्तर नाही. मिलिंदकडे आहेत, पण ती दर वर्षी बदलतात.

सत्यवान गेल्यावर तीन आठवड्यांनी ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक आंतरदेशीय आलं. नाही, चुकले, तसलं निळं पण परदेशात पाठवायचं पत्र. आत मोठ्या अक्षरात एकच ओळ होती:

"वयनी, आमी दोघंय पोचलंव."

मी ते वाचलं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. काय झालं म्हणून सगळे विचारत होते.