शामरावांच्या खतातली दुरुस्ती

खरेदीखत लिहून तयार होतं. स्टॅम्प पेपर रीतसर होता, विकणारा समोर बसला होता, साक्षीदार पान खाऊन परत आले होते. आणि घर घेणारा माणूस म्हणाला, "हे खत मले चालत नाही."

विकणारा ऐन वेळी फिरतो, हे मी पाहिलेलं होतं. भाऊ हरकत घेतात, मुलगा रडतो, कुणीतरी जास्त भाव सांगून जातो. घेणारा अडून बसलेला मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ही गोष्ट साठ सालाच्या थोडी आधीची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नवा वकील होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्टीतल्या काही मंडळींची मुलंबाळं अजून तिथेच आहेत.

घेणारे शामराव मेश्राम. राजूरच्या कोळसा खाणीत पंपावर फिटर होते. विकणारे बशीरमियां. जन्मभर ऑइल इंजिनं दुरुस्त केली, बायको वारली, आणि आता उमरखेडला मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. शामराव तरुणपणी त्यांच्याच हाताखाली काम शिकले. म्हणून बशीरमियांनी घर दुसऱ्या कुणाला दाखवलंसुद्धा नाही.

गल्लीला ते आवडलं नव्हतं. गल्लीतल्या एका किराणा दुकानदाराने, घर मीच घेतो, असा निरोप तीनदा पाठवला होता. त्या दिवशीही तो कचेरीबाहेर कडुलिंबाखाली उभा होता. बशीरमियांचं सामान बांधून झालं होतं आणि दुपारची बस होती. सौदा मोडला तर घर कुणाकडे जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी माझं काम चोख केलं होतं. घर बशीरमियांच्या स्वकमाईचं होतं, आधीचं खत त्यांच्याच नावावर होतं, कुठे गहाण नव्हतं. चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना कोण आणि काय आहे ते, मी स्वतः जाऊन पाहिली होती. मग अडलं कुठे?

शामरावांनी खतावर बोट ठेवलं. त्यांच्या नावापुढे, वडिलांच्या नावानंतर, अर्जनविसाने त्यांची जुनी जात लिहिली होती.

अर्जनवीस म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणारा. आमच्या पांडुरंगजींचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि मजकुराला वडिलांपासून चालत आलेला एकच नमुना. ते म्हणाले, "खतात जात लिहावीच लागते. आजवर एकही खत तिच्याशिवाय लिहिलं नाही."

मी शामरावांना बाजूला घेतलं. आज खत झालं नाही तर घर हातचं जाईल, हे अशिलाला सांगणं माझं कर्तव्य होतं. ते मी स्पष्ट सांगितलं. त्यांची बायको जनाबाई शेजारीच उभी होती. शामरावांनी आवाज चढवला नाही.

"वकीलसाहेब, आमी दोघं दीक्षेले नागपूरले गेलतो. ते जात तिथंच सोडून आलो. आता सोताच्या घराच्या कागदावर तिले परत कायले आणू? घर नाही भेटलं तं नाही भेटलं."

मी जनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. खाणीजवळच्या एका खोलीत पोरं वाढवत असलेल्या बाईने हातातलं घर एका शब्दासाठी सोडायची तयारी ठेवली होती. मला त्या दोघांचा वकील असल्याचा अभिमान वाटला, आणि मग घाईने कायद्याचं पुस्तक उघडावं लागलं.

दस्तनोंदणीच्या कायद्यात पूर्वी माणसाची ओळख अशी धरलेली होती: राहण्याचं ठिकाण, धंदा, बापाचं नाव आणि जात असल्यास जात. छप्पन सालच्या दुरुस्तीने त्यातली जात काढून टाकली होती. शामरावांनीही ती त्याच साली काढली होती. पांडुरंगजींच्या नमुन्यात मात्र ती शिल्लक होती.

मी म्हणालो, "शामराव, जात लिहायची सक्ती नाही. शब्द खोडून टाकू, जागा कोरी राहील."

"कोरी कायले? बौद्ध लिवा."

कायद्याची सक्ती नव्हती तशी मनाईही नव्हती. पण अजून एक मेख होती. खतात खाडाखोड झाली तर तिच्याजवळ सही लागते, आणि ती खत लिहून देणाऱ्याची, म्हणजे विकणाऱ्याची. शामरावांचा शब्द आता बशीरमियांच्या हातात होता. बसची वेळ जवळ येत होती आणि कडुलिंबाखालचा दुकानदार दोन पावलं पुढे सरकला होता.

मी बशीरमियांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मी मुसलमान लिवा म्हनलं, तुमी लिवलं. हा बौद्ध लिवा म्हनते, तं तसं लिवा. यात मले काय इचारता?"

पांडुरंगजींनी जुना शब्द एका रेघेने खोडला आणि वर सुंदर अक्षरात 'बौद्ध' लिहिलं. बशीरमियांनी त्याच्या शेजारी उर्दूत सही केली. शेवटीही केली. साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि आम्ही आत गेलो.

सब-रजिस्ट्रार म्हणजे दस्ताची सरकारी नोंद करणारा अधिकारी. लिहून देणारा तोच माणूस आहे ना आणि त्याने राजीखुशीने लिहून दिलं ना, एवढंच त्याने पाहायचं असतं. आमचे साहेब वाईट नव्हते, पण नवीन काही दिसलं की त्यांना वरच्या साहेबाची आठवण यायची. खोडलेल्या जागी ते थांबले.

"बौद्ध कशावरून? दाखला आणा."

"कोणत्या कलमाखाली?" मी विचारलं.

ते म्हणाले, असं असेल तर दस्त परत न्या आणि नीट लिहून आणा. मी म्हणालो, "नाकारायचा तर नाकारा, साहेब. पण कारण लेखी द्या. मला ते यवतमाळला अपिलात लावायचं आहे."

नोंदणी नाकारली तर कारण लिहून ठेवावंच लागतं. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी दुरुस्तीचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. लेखणी उचलली आणि खाली ठेवली. कोणतं कारण लिहावं, ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी बशीरमियांना जवळ बोलावलं.

बशीरमियांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून खत मोठ्याने वाचून दाखवणं भाग होतं. साहेब स्वतः वाचू लागले. लिहून घेणार शामराव, वडिलांचं नाव, बौद्ध, धंदा फिटर, राहणार राजूर. ते पुढच्या ओळीवर गेले तेवढ्यात दाराशी उभ्या जनाबाई म्हणाल्या, "साहेब, तेवढं आणखीन एकडाव वाचा ना. मले नीट आयकू नाही आलं."

साहेबांनी वर पाहिलं. आता चिडतील, असं मला वाटलं. पण त्यांनी ती ओळ पहिल्यापासून वाचली, पहिल्यापेक्षा हळू आणि स्वच्छ आवाजात. शामराव जमिनीकडे पाहत होते. जनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

खत नोंदलं गेलं. बशीरमियांनी किल्ली जनाबाईंच्या हातात दिली आणि बस गाठली. दुकानदार काही दिवस तणतणला, मग शामरावांच्याच घरी किराणा विकू लागला. पांडुरंगजींनी नमुना बदलला. त्यानंतर बरीच माणसं त्यांच्याकडे आली आणि 'शामरावसारखं लिहा' एवढंच सांगू लागली.

पुढे मी पुष्कळ मोठे दिवाणी दावे लढलो, जिंकलोही. पण माझ्या हातून झालेलं चांगलं काम कोणतं, असं कुणी विचारलं की मी हे एका शब्दाचं सांगतो.

घर घेताना खतात काय पाहावं, असं लोक अजून विचारतात. विकणाऱ्याचा हक्क पाहा. चतुःसीमा पाहा. मग स्वतःच्या नावाची ओळ वाचा. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात.