गेणबाचा पाय आणि कोंडाजीची गाठ

गेणबा दवाखान्यात पोहोचायच्या बराच आधी त्याचा आवाज पोहोचला. तो ओढ्यापलीकडून निघाला तेव्हा लीलाबाईंच्या टेबलावरच्या बाटल्या भिऊन एकमेकींना बिलगल्या, कौलांवरचे कावळे जे उडाले ते थेट कोकणात उतरले, आणि ताम्हिणीकडून निघालेला पाऊस पुढं यावं की नको म्हणून घाटातच घुटमळला. मग चौघांच्या खांद्यांवरून एक बाजलं दारात आलं. त्यावर वाटलेल्या मिरचीच्या रंगाच्या तोंडाचा एक माणूस उताणा पडला होता आणि ज्यांनी त्याला चिखलातून वाहून आणलं, त्यांच्याच वाडवडिलांचा उद्धार करत होता.

"हळू टेका की रं मुडद्यांनो! प्रेत समजलाय व्हय मला?"

"साप चावलाय, बाई," त्याची बायको साळूबाई म्हणाली. "सकाळच्याला, लावणी करताना. पोटरीला."

मुठा खोऱ्यातल्या त्या दवाखान्यात लीलाबाई नर्स म्हणून नव्यानंच आल्या होत्या. वय तेविशीचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, ओढ्याला पाणी नसलं तर. म्हणजे पावसाळ्यात येत नसत.

गेणबा हा खाऊन पिऊन सुखी शेतकरी, पण रागावणं हा त्याचा खरा धंदा आणि भातशेती जोडधंदा. पाऊस पडला की तो पावसावर रागवायचा, उघडला की उघडिपीवर. म्हैस दूध द्यायची थांबली तर म्हशीशी आठवडाभर अबोला. तरी कुणाच्या खाचराचा बांध फुटला की पहिलं फावडं त्याचंच. शिव्या घालत बांध घालून द्यायचा आणि चहाला उशीर केला म्हणून रागावून चहा न पिता निघून जायचा.

लीलाबाईंनी वाकून पाय पाहिला. गुडघ्याखाली अंबाडीची दोरी इतकी आवळली होती की मांसात रुतून दिसेनाशी झाली होती. त्याखालचा पाय मेणासारखा पांढरा, नखं निळी, आणि हात लावला तर ओल्या दगडासारखा गार.

"दोरी सकाळपासून अशीच आहे? मधून मधून सैल केली नाहीत?"

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. दारात हाताची घडी घालून कोंडाजी उभा होता. कुणाला साप चावला की दोरी आवळून विष बांधायचा मान गावात त्याचा.

"ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची," कोंडाजी म्हणाला. "भैरोबाची आन हाय. दुसऱ्यानं हात लावला तर मानूस दगावतो."

"मग तुम्ही सोडा!"

"न्हाई सोडत."

"का?"

"त्याच्या लेकीच्या लग्नात मानाचा पयला इडा माजा हुता. ह्यानं दिला पावन्याला. आदी म्हन म्हनावं, कोंडाजी, माजं चुकलं."

"भावजी, मी पाया पडते," साळूबाई रडकुंडीला आली.

"वैनी, तुमचं काय न्हाई. त्यानं म्हनाय पायजे."

बाजल्यावरनं गर्जना झाली. "पाय तुटून पडला तरी म्हननार न्हाई! आरं कोंड्या, इडा चावाय तोंडात दात हायेत का तुज्या?"

आता रागावण्याची पाळी लीलाबाईंची होती. त्या एरवी मुंगीलाही 'बाजूला हो गं' म्हणणाऱ्या. पण असा राग त्यांना जन्मात आला नव्हता. त्यांनी कात्री उचलली.

"शरम वाटत नाही दोघांना? अहो, तो पाय उपाशी मरतोय! जेवलात की पोटाकडं रक्त जास्त जातं, नांगर धरलात की हातापायांकडं जातं, रागावलात की थोबाडाकडं, ते तर दिसतंच आहे. कुणाला किती हवं ते त्या त्या जागेचं मांस ठरवतं, आपलं दार उघडतं, मिटतं. आणि तुम्ही विड्याच्या पानापायी पाटच बुजवून बसलात!"

एवढं बोलेपर्यंत त्यांनी जखम दोनदा पाहिली होती. सुळ्यांच्या खुणा नव्हत्या. बारीक दातांची ओळ होती, सूज नव्हती. दिवड असावी, बिनविषारी. असावी! नसली तर हा माणूस आपल्या हातांत जाणार आणि गाव आपल्याला सोडणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी दोरी कापली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या पोटरीवर लाली उतरू लागली. साधी नव्हे, रसरशीत, दुसऱ्या पायापेक्षा दुप्पट लाल, घोट्यापर्यंत, बोटांपर्यंत, आणि पाय तव्यासारखा तापला.

"इख सुटलं!" कोंडाजी ओरडला आणि दुसरी दोरी घेऊन धावला. "बांदा! बांदा बिगीनं!"

लीलाबाई सरळ बाजल्यावर चढल्या आणि पाय कवटाळून बसल्या. "हात तर लावून बघा! विष नाही, रक्त आहे! कोरडं पडलेलं खाचर बांध फुटल्यावर घोट घोट पाणी पितं का? सगळीकडनं ओढून घेतं! उपाशी मांसानं सगळी दारं उघडलीत. पोट भरलं की आपणहून मिटेल. तोवर जो कोणी जवळ येईल त्याला ही कात्री!"

कोंडाजी थांबला. भैरोबाचं त्याला सगळं ठाऊक होतं, पण कात्रीविषयी भैरोबानं काही सांगून ठेवलं नव्हतं. सगळे श्वास रोखून पायाकडं बघत राहिले. लीलाबाईंचं कपाळ घामानं भिजलं. हळूहळू लाली फिकी होत गेली आणि पाय पायाच्या रंगाचा झाला.

मग गेणबानं बोंब ठोकली. "आग! आग झाली! मुंगळं चावत्यात आतनं! आन नर्सबाई, दोरी कुनाला इचारून कापली? नवी दोरी हुती माजी!"

लीलाबाई खाली उतरल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून खूप रडल्या.

पाय वाचला. पण दोरीखाली पाऊल उचलणारी शीर चेंगरली होती, त्यामुळं पाऊल लुळंच राहिलं. पुढच्या सालापासून गेणबानं खाचरं वाट्यानं कसायला दिली. कोंडाजीला.