आसगाव ते भंडारा, बंदुकीच्या बोळ्यासाठी

माझी नात प्रणाली या ब्लॉगवर धबधबे आणि किल्ले लिहिते. या खेपेला मी सांगते आहे आणि ती टाइप करते आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून माझं बोलणं ती थोडं धुऊन-पिळून वाळत घालणार. मात्र दुसरे जसे बोलले तसेच ठेवायचे, असं बजावलं आहे. ज्यांना धबधबा हवा त्यांनी इथूनच मागे फिरावं. हा प्रवास भंडाऱ्याच्या कोर्टाचा आहे. मी रागात गेले आणि रागातच परत आले.

माझ्या मुलावर, धनराजवर, केस आहे. आमच्याकडे पीक राखायची भरमार बंदूक, सासऱ्यांपासूनची, परवान्याची. दीड वर्षापूर्वी धुक्याच्या सकाळी आमच्याच आळीतला महादेव धान राखायला गेला होता. कोणीतरी त्याला रानडुक्कर समजून बार काढला. मांडीत छर्रे घुसले. शिवारात बंदुका आणखी आहेत, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पण परवाना आमचाच, नाव-पत्ता लिहिलेला, म्हणून पोलिसांना शोधत बसावं लागलं नाही. ज्यानं कायदा पाळला तो सापडला. बाकीच्यांनी निवांत धान कापला.

केसच्या कागदांची नक्कल धनराजनं पेटीत तळाशी ठेवली होती. गेल्या महिन्यात एका दुपारी मी ती काढून प्रणालीला म्हटलं, सगळं वाच, एक ओळ सोडू नको. ती वाचत गेली. पंचनाम्यात आलं : बांधावर अर्धवट जळालेला कागदाचा बोळा मिळाला. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं वाचलं. कागदाचाच.

आता जरा समजून घ्या. भरमार बंदूक तोंडाकडून भरतात. आधी बारूद, मग बोळा, मग छर्रे, वर आणखी एक बोळा, आणि गजानं ठासायचं. बार निघाला की बोळाही उडतो आणि जवळपास पडतो. कागदाचा असला तर धुमसत पडतो. सासऱ्यांच्या वेळी अशाच एका बोळ्यानं तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग गेला, ढिगासोबत गोठा गेला. त्या दिवसापासून आमच्या घरी कागद बंद. जुन्या लुगड्याच्या चिंध्या तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, वाळवायच्या, घट्ट वळायच्या. तुरटीची चिंधी धुमसत नाही. चाळीस वर्षं हे बोळे मी वळते. बंदूक पुरुषांची, बोळे माझे.

पुढे प्रयोगशाळेचा कागद निघाला. त्यांनी सरळ लिहिलं होतं की नळी आतून गुळगुळीत आहे, छर्ऱ्यांवर तिची खूण उमटत नाही, तेव्हा हे छर्रे कोणत्या बंदुकीतले ते सांगता येणार नाही. बंदुकीतून बार निघालेला आहे, असंही होतं. निघालेलाच होता, चार दिवस आधी, डुकरांवर. आणि शेवटी एक ओळ : नळीच्या तळाशी जळक्या कापडाचे धागे.

बांधावर कागद, नळीत कापड. दोन्ही एकाच गठ्ठ्यात, एकाच दोरीनं बांधलेले. शिकल्या-सवरल्या माणसांनी दीड वर्षात ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत. काहून पाहिले नाहीत, ते त्याच्या पुढच्या कागदात होतं. तो धनराजचा जबाब : बोळे मीच कागदाचे करतो, आईला बंदुकीतलं काही समजत नाही.

मी त्याला वावरातून बोलावून घेतलं.

"परवाना माह्या नावानं हाय, माय. तू हात लावते म्हटलं असतं तर तुलेबी उचललं असतं."

"म्हणून मले येडी लिहून टाकलं?"

"त्यायनं इचारलं, बोळा कागदाचा करते का. मी हो म्हटलं. मले काय ठाऊक, त्यायले कागदच भेटला होता."

आमच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजी, तारखेला तुम्ही स्वतः या.

तर प्रवास. आसगावहून सकाळची एसटी धरा, नंतरची भरून येते. पंचाहत्तरीच्या वर तिकीट नाही, पण आधार कार्ड हातात ठेवा. कंडक्टरनं माझ्याकडे पाहून कार्ड मागितलं. मी म्हटलं, तोंडावर दिसत नाही का रे? तो म्हणाला, तोंडाचा नंबर मशीनमध्ये टाकता येत नाही आजी. हुशार पोरगा.

धनराज तीन सीट पुढे बसला, पाठ करून. अड्याळला गाडी थांबली तेव्हा न बोलता चहा आणि आलुबोंडा खिडकीतून देऊन गेला. आलुबोंडा गरम होता, रस्सा पाणचट. तिथेच महादेव चढला, बहिणीकडून. त्याला दवाखान्यात पाय दाखवायचा होता. जागा माझ्याच शेजारी, खिडकीकडची. गाडीतली सगळी माणसं आमच्याकडे पाहू लागली. पहेला गाव येईपर्यंत दोघंही धानाच्या बांध्या पाहत बसलो, जशा काही कधी पाहिल्याच नव्हत्या.

शेवटी मीच विचारलं, तू धनराजला पाहिलं होतं का?

"नाही पाह्यलं, काकू. आवाज आला आन पडलो. नाव साहेबानं सांगतलं."

"आन तू हो म्हटलं."

"रक्त जाऊन राह्यलं होतं. त्यायनं तुमचं नाव घेतलं असतं तरी हो म्हटलं असतं."

मला हसू आलं आणि हसल्याचा राग आला. लंगडा तो झाला आहे, आणि त्याला कोणी लंगडं केलं ते कोणी शोधतच नाही. माझा मुलगा सापडला म्हणजे महादेवचं काम संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी त्याला बोळ्याची गोष्ट सांगितली. कारध्याचा पूल येईपर्यंत तो ऐकत होता. वैनगंगा पुलाखाली रुंद पसरली आहे, सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसते म्हणतात. खिडकीकडे महादेव होता, मी नदी पाहिली नाही.

कोर्टात जाणाऱ्यांसाठी सूचना : जेवण आधी करून घ्या. आम्ही बाहेरच्या खानावळीत पाटवडी-रस्सा मागवला आणि पहिल्याच घासाला पुकारा झाला. पाटवडी चांगली होती, असं अर्ध्या पाटवडीवरून सांगते.

मी लुगड्याच्या चिंध्यांचा डबा नेला होता. बंदूक जप्त करताना पोलिसांनी हाच डबा उघडून, चिंध्या आहेत म्हणून कोपऱ्यात फेकला होता. सरकारी वकील म्हणाले, हे बोळे काल रात्री वळले नाहीत कशावरून? बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, डबा सोडा साहेब, तुमचाच कागद वाचा, नळीत काय सापडलं ते.

मग ते म्हणाले, आजी, तुम्हाला तर वाचता येत नाही.

"नाही येत. म्हणून मी सगळं वाचून घेतलं. ज्यायले येते त्यायनं नाही वाचलं."

जजसाहेबांनी दोन्ही कागद मागून घेतले. पानं उलटायचा तेवढा आवाज. मग त्यांनी विचारलं, हा कागदाचा बोळा तपासायला पाठवला होता का? नव्हता. सीलबंद पाकिटात दीड वर्ष पडून होता. आता तो पाठवायचा, सोबत माझे बोळेही, असा हुकूम झाला. आणि दोन महिन्यांनंतरची तारीख. माझा जबाब मला दोनदा वाचून दाखवायला लावला, मग अंगठा दिला.

परतीच्या गाडीत धनराज माझ्याशेजारी बसला. म्हणाला, आता तुझंही नाव लागलं. मी म्हटलं, लागू दे. दीड वर्ष दर रविवारी ठाण्यात जामिनाची हजेरी द्यायला कोण जात होतं? तो म्हणाला, तू गेली असती तर ठाणेदाराचं काही खरं नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदा तो असा बोलला. तरी माझा राग उतरला नाही. ज्यानं बार काढला तो आजही आमच्या शेताच्या धुऱ्यावरून राम राम करत जात असेल.

घरी आल्यावर प्रणालीच्या वहीचं एक पान फाडलं आणि धनराजसमोर टाकलं. म्हटलं, तू जबाबात लिहून दिलं ना, बोळे मीच करतो? कर एक. त्यानं चुरगाळलं, वळलं, पुन्हा वळलं. हात सोडला की पान पाकळ्यांसारखं उलगडायचं. प्रणाली हसायला लागली.

एवढंच ठाण्यात कोणी त्याला करायला लावलं असतं तर!