खालच्याचं नाव

माझ्या धाकट्या भावासारखा खड्डेवाला अख्ख्या कितुई मुलखात नाही. त्याला शिकवलं कोणी? मीच. शाळा मी चौथीत सोडली, पण कोरड्या नदीत उभा राहिलो की वाळूखालचं पाणी माझ्या तळपायाला कळतं.

त्याचं नाव मुतिंदा. आता त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नाही.

आमच्यात माणूस खड्ड्यात असला की वरून त्याचं नाव घेत नाहीत. वाळूला नाव कळलं की ती माणूस ठेवून घेते. 'खालच्या' म्हणायचं, बस्स.

त्या उन्हाळ्यात तळ्यात तरस मेलं. तेच पाणी पोटात जाऊन मुतिंदाची पोर म्वेंडे जुलाबानं आडवी झाली. चांगलं पाणी उरलं होतं ते फक्त नदीच्या पोटात. आम्ही दोघं भाऊ खणत गेलो. तीन पुरुष खोल गेल्यावर ओल लागली, मग पाणी झिरपायला लागलं.

तेवढ्यात त्याची बायको न्दिंदा धावत आली. खड्ड्यात वाकून म्हणाली, "मुतिंदा, वर ये. पोरगी डोळे उघडत नाही."

"ओ," खालून उत्तर आलं.

मुतिंदा तर तिच्या पाठीमागं गाढवावरचे रिकामे कॅन सोडत होता.

गाढव मागं सरकलं. न्दिंदानं नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, खाली कोण आहे?"

"कोणी नाही. आवाज घुमतो." मी या नदीत कुणाला भीत नाही, गावात विचारा. तरी म्हणालो, "आज राहू दे."

"राहू दे म्हणजे? पोरीला काय वाळू पाजू?" मुतिंदा म्हणाला. "दादा, बाजारात तर छाती फुगवून फिरतोस. दोर धर."

त्यानं कमरेला दोर बांधला, कडेला बसला आणि खाली बघून शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला, "मुतिंदा हे नाव तुझ्याकडेच ठेव. मी म्वेंडेचा बाप."

तो उतरला.

पहिला कॅन वर आला. पाणी निवळशंख. न्दिंदा तो घेऊन घराकडे पळाली. मग मी त्याला ओढून घेतलं. भावाचं वजन माझ्या हातांना पाठ आहे. ते थोडं कमी भरलं.

म्वेंडे घोट घोट प्याली. ऊन कलताना तिनं डोळे उघडले आणि अजून मागितलं.

म्हणून तो परत उतरला. मी दोर धरून उभा. खालून पोकळ भोपळ्यानं कॅनमध्ये पाणी भरल्याचा आवाज येत होता, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, कधी दोन्हीकडून एकदम. भोपळा आम्ही एकच आणला होता.